शेवटच्या तीस मीटरला पाय मणामणाचे का होतात?

सदर : अंगमेहनत आणि आरोग्य

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची एक तक्रार ठरलेली असते. "सुटतो चांगला. साठ-सत्तर मीटरपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीने असतो. पण शेवटच्या तीस मीटरला पाय मणामणाचे होतात आणि मागचे पुढे निघून जातात." शाळेच्या स्पर्धेत धावणारी मुलेही हेच सांगतात. मग कोणी म्हणते दम कमी पडतो, कोणी म्हणते अंगात रक्त नाही, कोणी म्हणते रोज मैदानाला आणखी दहा फेऱ्या मार. कोणी तर थेट इंजेक्शनाचा सल्ला देतो. यातले बरेचसे सल्ले चुकीचे असतात आणि काही तर जीवावर बेतणारे असतात. म्हणून या वेळी आपण हा थकवा नेमका काय असतो, तो कशाने कमी होतो आणि कोणता थकवा साधा समजून चालत नाही, ते सविस्तर पाहू.

एका सेकंदाची किंमत

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. २०२२ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक; मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. यात एकट्या १०० मीटरला १५ गुण आहेत. मुलांनी ११.५० सेकंदांत किंवा त्याआधी अंतर कापले तर पूर्ण १५, त्यानंतर १२.५० पर्यंत १२ आणि १३.५० पर्यंत १०. मुलींना १४ सेकंदांपर्यंत १५, १५ सेकंदांपर्यंत १२ आणि १६ पर्यंत १०. म्हणजे एका सेकंदाला दोन-तीन गुण. गुणवत्ता यादीत एकेका गुणावर माणसे आत-बाहेर होतात, हे ज्यांनी भरती पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आपापल्या भरतीची जाहिरात आली की त्यातला तक्ता मात्र स्वतः वाचावा, ऐकीव माहितीवर राहू नये.

खेळातही तसेच आहे. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाने ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ५५.४२ सेकंदांत पूर्ण केली. तिसरी आलेल्या धावपटूची वेळ ५५.४१ होती. एका सेकंदाचा शंभरावा भाग, आणि पदक गेले. त्याआधी १९६० साली रोममध्ये मिल्खासिंग ४०० मीटरला चौथे आले, तेही अशाच थोड्या फरकाने. शर्यतीचा शेवटचा टप्पा किती मोलाचा असतो, हे या दोन शर्यतींनी सगळ्या देशाला शिकवले.

बोल्टसुद्धा मंदावला होता

पहिली गोष्ट मनातून काढून टाका, की शेवटी वेग कमी होणे हा फक्त तुमचाच दोष आहे. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. त्या शर्यतीचे वीस-वीस मीटरचे मोजमाप झाले होते. पहिल्या वीस मीटरला त्याला २.८९ सेकंद लागले. पुढच्या वीसला १.७५, त्यापुढच्या वीसला १.६७, साठ ते ऐंशी मीटरला १.६१ आणि शेवटच्या वीस मीटरला १.६६. आता हे आकडे नीट पाहा. जगातला सर्वांत वेगवान माणूस आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत धावत होता, तरी शेवटच्या वीस मीटरला त्याचा वेग कमीच झाला.

आपल्याला टीव्हीवर दिसते ते असे, की शेवटी एकजण सगळ्यांना मागे टाकून सुसाट सुटला. प्रत्यक्षात तो सुटलेला नसतो. बाकीचे जास्त मंदावतात आणि तो कमी मंदावतो, इतकेच. तात्पर्य, शेवटच्या टप्प्यात आपले काम वेग वाढवायचे नाही, मिळवलेला वेग राखायचे आहे. ही एक गोष्ट समजली तरी अर्धी लढाई जिंकली.

फरक एवढाच की बोल्टसारखा धावपटू साठ मीटरच्या पुढे आपल्या सर्वोच्च वेगाला पोहोचतो. नव्या मुलाचा सर्वोच्च वेग तीस-चाळीस मीटरलाच येऊन जातो. मग उरलेले साठ मीटर तो उतरणीला लागलेला असतो. म्हणून त्याला ते अंतर फार लांब वाटते.

तांब्या, हंडा, पिंप आणि नळ

आता स्नायूंच्या आत काय होते ते पाहू. शब्द अवघड आहेत, पण गोष्ट आपल्या घरातल्या पाण्यासारखी आहे.

स्नायू आखडतो आणि सैल होतो, त्यासाठी त्याला 'एटीपी' नावाचा पदार्थ लागतो. हा म्हणजे हातातला तांब्या. पाणी लगेच मिळते, पण तांब्यात असते किती? जोरात धावलात तर दोन-तीन सेकंदांचे.

तांब्या रिकामा होऊ लागला की शेजारी ठेवलेल्या हंड्यातून तो लगेच भरला जातो. हा हंडा म्हणजे 'क्रिएटिन फॉस्फेट'. हंड्यातून पाणी झटकन काढता येते, पण पहिल्या पाच-सहा सेकंदांतच तो बराच खाली जातो. तिसरा साठा पिंपाचा. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे 'ग्लायकोजेन', प्राणवायूशिवाय जाळून शक्ती मिळवली जाते. पिंप मोठे असते, पण हंड्याइतक्या झपाट्याने त्यातून पाणी निघत नाही. शिवाय भराभर उपसताना मोरीभर पाणी सांडून चिखल होतो. चौथा गल्लीतला नळ, म्हणजे श्वासातून येणारा प्राणवायू आणि त्याच्यावर चालणारी शक्ती. नळ बारीक धारेने येतो, पण बराच वेळ टिकतो.

१६०० मीटरची शर्यत बहुतांशी नळावर चालते. १०० मीटरची शर्यत तांब्या, हंडा आणि पिंपावर चालते. नळाची धार मोठी होईपर्यंत शर्यत संपून गेलेली असते. म्हणून १०० मीटरमध्ये 'दम कमी पडला' हे म्हणणे बरोबर नाही. आपण धापा टाकतो त्या शर्यत संपल्यावर, कारण रिकामी झालेली भांडी तेव्हा नळाने भरली जात असतात.

शेवटच्या तीस मीटरला मग काय होते? हंडा खाली गेलेला असतो, पिंपातून तितक्या वेगाने मिळत नाही. काम झाल्यावर उरलेले फॉस्फेट आणि वाढलेली आम्लता यांमुळे स्नायूंचे तंतू पूर्वीसारख्या जोराने आखडत नाहीत. मेंदूकडून नसांमार्फत येणारा हुकूमही क्षीण होऊ लागतो. पाय जमिनीवर जरा जास्त वेळ टेकून राहतो, पावलांचा ठेका मोडतो. यालाच आपण 'पाय मणामणाचे झाले' असे म्हणतो.

येथे एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात तेव्हा 'लॅक्टिक ॲसिड साठले' असे म्हणण्याची पद्धत आहे. धावताना तयार होणारे लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते. इतकेच नव्हे, तर हृदय आणि इतर स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या बारीक ताणाचे असते. ते एक ते तीन दिवस राहते आणि आपोआप जाते. तेव्हा लॅक्टिक ॲसिड 'काढण्यासाठी' विकली जाणारी औषधे आणि तेले यांवर पैसे घालवू नयेत.

धावताना वेग कसा राखावा

पहिली गोष्ट सुटण्याची. शिटी वाजताच ताठ उभे राहू नका. पहिली दहा-बारा पावले शरीर पुढे कललेले असू द्या, जमीन मागे ढकलल्यासारखे पाय मारा आणि हळूहळू सरळ व्हा. सुटताच उभा राहणारा धावपटू लवकर सर्वोच्च वेगाला येतो खरा, पण तो वेगच कमी असतो आणि पुढची उतरणही लांब होते.

दुसरी गोष्ट अंग सैल ठेवण्याची. थकवा आला की आपण दात-ओठ खातो, मुठी आवळतो, खांदे कानापर्यंत चढवतो, मान मागे टाकतो. वाटते की जोर लावतोय. प्रत्यक्षात पुढे जाण्यासाठी ज्यांचा काही उपयोग नाही असे स्नायू आपण कामाला लावत असतो. गाल आणि जबडा सैल, खांदे खाली, बोटे अलगद मिटलेली, कोपरातून हात पुढे-मागे सरळ, आडवे नाहीत. सत्तर मीटरची खूण आली की मनात एकच शब्द म्हणा, 'सैल'. सरावातच ही सवय लावली तर शर्यतीत ती उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट पावलांची. मागे पडतोय असे दिसले की मुले लांब ढांगा टाकू लागतात. पाय शरीराच्या फार पुढे पडला की तो गाडीच्या ब्रेकसारखे काम करतो. ढांग लांबवू नका, ठेका टिकवा. हात झपाट्याने हलत राहिले तर पायही त्यांच्या मागे येतात.

चौथी गोष्ट शेवटच्या रेषेची. शंभराव्या मीटरला थांबायचे नाही, एकशेदहाव्या मीटरला थांबायचे असे मनाशी धरून पळा. रेषेच्या आधी उडी मारणे, शेजाऱ्याकडे मान वळवून पाहणे, रेषा दिसताच सैलावणे, यांत सेकंदाचे दोन-तीन दशांश सहज जातात.

सरावात विश्रांती म्हणजे आळस नव्हे

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते ती येथे. मुले रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर धावतात आणि त्यावर शंभर मीटरच्या दहा फेऱ्या मारतात, एकामागून एक. अंग घामाने निथळले की सराव झाला असे वाटते. पण दमलेल्या पायांनी धावलात तर शरीर हळू धावायलाच शिकते.

हंडा रिकामा झाल्यावर अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा भरतो. पुरता भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणून पूर्ण वेगाच्या दोन धावांमध्ये विश्रांती हवीच. प्रशिक्षकांचा एक सोपा ठोकताळा आहे. पूर्ण वेगाने दहा मीटर धावलात तर एक मिनिट विश्रांती. म्हणजे ३० मीटरनंतर तीन मिनिटे, ६० मीटरनंतर सहा मिनिटे. या वेळात बसून राहू नका, सावकाश चाला. कोणी हसले तर हसू द्या.

ज्यांच्याकडे घड्याळ आणि मोकळी जागा यांपलीकडे काही नाही, त्यांनी आठवड्याची मांडणी अशी करावी. सोमवारी वेगाचा सराव : ३० मीटरच्या चार आणि ६० मीटरच्या तीन धावा, पुरेशा विश्रांतीसह. मंगळवारी १६०० किंवा ८०० मीटरसाठी सावकाश पळणे आणि गोळाफेक. बुधवारी पायांची ताकद. गुरुवारी वेग टिकवण्याचा सराव : १२० ते १५० मीटरच्या तीन धावा, प्रत्येकीनंतर आठ-दहा मिनिटे विश्रांती. शेवटच्या टप्प्यातल्या थकव्यावर खरा इलाज हाच, कारण शंभरच्या पुढे धावायची सवय झाली की शंभर मीटर आवाक्यातले वाटते. शुक्रवारी पूर्ण विश्रांती. शनिवारी लांब पल्ला आणि पुन्हा पायांची हलकी ताकद. रविवारी विश्रांती. पूर्ण वेगाच्या दोन दिवसांमध्ये किमान ४८ तास जाऊ द्यावेत. जे दिवसभर हमाली, बांधकाम किंवा कारखान्यात उभ्याचे काम करतात त्यांनी धावा आणखी कमी कराव्यात. कामाचा थकवाही थकवाच असतो, शरीर त्याचा वेगळा हिशेब ठेवत नाही.

ताकदीसाठी व्यायामशाळेची फी भरायलाच हवी असे नाही. उठाबशा, एक पाय पुढे टाकून बसणे, चवड्यांवर उभे राहून टाचा उचलणे, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, हे घरात होते. जवळ टेकडी, बांध किंवा पुलाचा चढ असेल तर वीस-तीस मीटरच्या चढाच्या धावा फार उपयोगी. मांडीच्या मागच्या शिरेकडे विशेष लक्ष द्या, कारण वेगाने धावताना सर्वाधिक दुखापत तिलाच होते.

धावण्याआधी पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करावे : सावकाश पळणे, गुडघे उचलून चालणे, पाय पुढे-मागे झुलवणे आणि शेवटी वाढत्या वेगाच्या तीन-चार छोट्या धावा. एका जागी थांबून मिनिट-मिनिट ताण देणे हे धावण्याच्या नंतर करावे. आधी केल्यास स्नायूंचा जोर थोडा कमी होतो.

घरातलेच अन्न

पिंप भरते ते भाकरी, भात, चपाती, पोहे यांनी. स्नायूंची डागडुजी होते ती डाळ, उसळ, अंडी, मासळी, मटण, दूध, शेंगदाणे यांनी. भाकरीबरोबर मटकीची उसळ, भाताबरोबर डाळ, जोडीला एखादे अंडे किंवा मूठभर सुकट, हा धावपटूचा उत्तम आहार आहे. बाजारातल्या महागड्या डब्यांची गरज नाही. धावून आल्यावर तासाभरात काहीतरी पोटात जाऊ द्या. नुसत्या चहावर दुपारपर्यंत राहणे हे दुसऱ्या दिवशीच्या थकव्याचे मोठे कारण असते.

भरतीच्या दिवशी पहाटेच बोलावतात. मुले रात्रभर एसटी स्टँडवर किंवा फुटपाथवर जागून उपाशीपोटी मैदानात उतरतात. शक्य असेल तर आदल्या रात्री ओळखीच्या घरी मुक्काम करावा. रात्री भात किंवा भाकरी पोटभर खावी. पहाटे धावण्यापूर्वी दीड-दोन तास एक-दोन केळी, किंवा चपाती-गूळ. पाणी थोडे-थोडे पीत राहावे. त्या दिवशी कोणताही नवा पदार्थ, नवी गोळी आणि नवे बूट नकोत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एका शंभर मीटरवर त्याचा फार परिणाम दिसणार नाही, पण सराव झेपत नाही, ८०० मीटरला दम लागतो, दुसऱ्या दिवशी अंग उठत नाही. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. घरात मुलगा धावतो म्हणून त्याला अंडे आणि मुलगी धावते तरी तिला उरलेसुरले, असे होत असेल तर ते आधी बंद करावे.

इंजेक्शनांबद्दल एकच सांगतो. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनने शंभर मीटर ९.७९ सेकंदांत जिंकले. त्याच्या लघवीत बंदी असलेले स्टिरॉइड सापडले आणि सुवर्णपदक परत गेले. तो मोठा खेळाडू होता, त्याच्याभोवती डॉक्टर होते. आपली मुले कुणा दलालाकडून लेबल नसलेली बाटली घेतात. त्यात काय आहे, किती आहे, सुई कोणाची आहे, काही कळत नाही. हृदय, यकृत आणि किडनी यांचे नुकसान नोकरी मिळाल्यानंतरही सोबत राहते.

थकवा की धोका?

आता सर्वांत महत्त्वाचे. आत्तापर्यंत सांगितलेला थकवा निरुपद्रवी आहे. दोन-चार मिनिटे चाललात की जातो. पण काही वेळा पायातला जोर जाणे ही धोक्याची सूचना असते, आणि आपल्या समाजाने हे विशेष जाणून घ्यायला हवे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष भारतात प्रथम १९५२ साली निलगिरीच्या भागात नोंदला गेला. १९५८ साली नागपूरच्या संशोधकांनी तो मध्य भारतात, आपल्या समाजाच्या लोकांत दाखवला. विदर्भात आजही आदिवासी समाजांबरोबर आपल्या समाजात त्याचे प्रमाण मोठे आहे. कामधंद्यासाठी विदर्भातून मुंबई, पुणे, नाशिककडे आलेल्या कुटुंबांनाही हे लागू आहे. यात कुणाचे पाप नाही, करणी नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकून राहिला, कारण एका आईकडून किंवा एका वडिलांकडून तो आला तर माणूस घातक मलेरियापासून काहीसा वाचतो.

आई-वडिलांपैकी एकाकडूनच गुण आला तर त्या व्यक्तीला 'वाहक' म्हणतात. अहवालात 'एएस' असे लिहिलेले असते. वाहक व्यक्ती निरोगी असते, नोकरी करते, खेळते. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष आजार. अशा मुलामुलींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जीव तोडून धावू नये.

वाहकाला रोजच्या जगण्यात त्रास नसतो. पण विश्रांती न घेता एकामागून एक वेगाच्या धावा, कडक ऊन, अंगातले पाणी कमी, हे सगळे एकत्र आले की स्नायूंत प्राणवायू कमी होतो, आम्लता वाढते आणि काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवू लागतात. म्हणजे साध्या थकव्यात जे होते, तेच येथे धोक्याच्या पातळीला जाते.

हे ओळखायचे कसे? साध्या पेटक्यात पोटरी किंवा मांडी दगडासारखी घट्ट होते आणि ताण दिला की सुटते. सिकलच्या त्रासात मांड्या, पोटऱ्या किंवा कंबर दुखू लागते, पायातला जोर जातो, मुलगा खाली बसतो, पण स्नायू हाताला मऊ लागतो. बहुधा तो शुद्धीवर असतो, नीट बोलतो, म्हणून बघणाऱ्यांना वाटते की ढोंग करतोय. 'ऊठ, अजून एक फेरी मार' असे म्हणणे येथे जीवघेणे ठरू शकते. ताबडतोब थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना 'हा सिकलसेलचा वाहक आहे' असे स्पष्ट सांगा. धावल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, मग वाहक असो वा नसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू तुटून त्यांतले द्रव्य किडनीत अडकत असल्याची ती खूण असू शकते.

भिण्याचे मात्र कारण नाही. २०१६ साली अमेरिकेत सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहक सैनिकांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. स्नायू तुटण्याचा धोका मात्र दीडपटीच्या आसपास होता. त्या सैन्यात पाणी, विश्रांती, ऊन आणि हळूहळू वाढता सराव यांचे नियम सर्वांनाच लागू होते. याचा अर्थ असा की वाहक मुलाला मैदानाबाहेर काढायचे नाही, नियम पाळून धावू द्यायचे. वर सांगितलेली तीन ते दहा मिनिटांची विश्रांती त्याच्यासाठी नुसती वेग वाढवणारी नाही, जीव राखणारी आहे.

तपासणी सोपी आहे. थोड्या रक्ताची प्राथमिक चाचणी आणि ती होकारार्थी आली तर खात्रीसाठी पुढची चाचणी. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. हा अहवाल पुढे लग्नाच्या वेळीही उपयोगी पडतो. दोन्ही बाजू वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

याखेरीज धावताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, घरात कोणी तरुणपणी एकाएकी गेलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी हृदयाची तपासणी करावी. ताप असताना धावू नये. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे प्राण गेले. उन्हाळ्याचे दिवस, दमट हवा आणि लांब पल्ला होता. त्यानंतर अंतर कमी झाले. पण ऊन, उपास आणि जागरण अजून तिथेच आहेत.

पालकांनी एवढे करावे

मुलगा किंवा मुलगी पहाटे धावायला जाते, तर आदल्या रात्री तिला लवकर झोपू द्या. आठ तासांची झोप मिळाली तर शरीर दुरुस्तीचे काम नीट करते. घरातली कामे सगळ्यांत वाटून घ्या. 'शेजारच्याचा पोरगा रोज वीस फेऱ्या मारतो' असे टोमणे देऊ नका. महिन्यातून एकदा मैदानावर जाऊन त्याचा वेळ घड्याळावर लावा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. वेळ तीन आठवडे सतत वाढत असेल तर सराव वाढवायचा नाही, चार दिवस कमी करायचा. भूक मेली, झोप उडाली, चिडचिड वाढली, हीसुद्धा अतिश्रमाची लक्षणे आहेत.

आणि भरतीत यश आले नाही तर त्या पोराला पायांवरून बोलू नका. त्याचे पाय त्याला पुढच्या वेळेपर्यंत न्यायचे आहेत.

पुढील लेखात गोळाफेकीत मनगट आणि खांदा कसा जपावा, ते पाहू.